वास नसलेलं तैलचित्र

भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या आमच्या घरात हॉलची एक भिंत गेलेल्या माणसांची आहे. गेलेल्या म्हणजे घर सोडून दुसऱ्या गावी गेलेल्या. नवीन पाहुणा आला की हा खुलासा आधीच करावा लागतो, नाहीतर तो चपला काढून हात जोडायला लागतो. बाबांचा फोटो समोरच्या भिंतीवर आहे, हार घातलेला. या दोन भिंतींची गल्लत झालेली आईला अजिबात खपत नाही.

ही रीत आईनेच पाडली. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईने तिला मागच्या व्हरांड्यात, सकाळच्या उजेडात खुर्चीवर बसवलं आणि तैलरंगात तिचं चित्र काढलं. पुढे काका आमच्याकडचा मुक्काम हलवून नागपूरला परत निघाले तेव्हा त्यांचं. मग धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगलोरला गेला तेव्हा त्याचं. नियम एकच, आणि तो कडक: माणूस उंबरा ओलांडण्याआधी त्याचं चित्र भिंतीवर लागलं पाहिजे. भावाच्या वेळी टॅक्सी दारात हॉर्न वाजवत होती आणि बाबा स्टुलावर चढून खिळा ठोकत होते.

आई इथल्या एका शाळेत चित्रकलेची बाई होती. बाबांची सरकारी ऑफिसातली बदली तिला नागपुराहून भोपाळला घेऊन आली, आणि शाळा सुटल्यावरची तिची सगळी संध्याकाळ त्या व्हरांड्यात जायची. टर्पेन्टाइन आणि जवसाचं तेल यांचा वास तिच्या पदराला, केसांना, कधीकधी पोळ्यांनाही यायचा. सगळ्यांच्याच आईला असा वास येतो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मागच्या उन्हाळ्यात आईचा खोकला थांबेना. साकेत नगरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं, कामधंदा विचारला आणि म्हणाले, "माताजी, ये तारपीन, वार्निश, सब बंद. बिल्कुल बंद."

"और अलसी का तेल?" आईने विचारलं. बाजारात भाव पाडून मागावा तसं.

"वो भी."

घरी आल्यावर तिने रंगाच्या ट्यूबा बिस्किटांच्या डब्यात भरल्या, ब्रश साबणाने धुऊन वर्तमानपत्रात गुंडाळले आणि दिवाणावर बसली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "पोरीचं राहिलं."

पोरगी म्हणजे माझी मुलगी. तिला बडोद्याला प्रवेश मिळाला होता, कॉलेज सुरू झालं की ती जाणार होती. भाऊ गेल्यापासून आई या चित्राची वाट पाहत होती असं म्हटलं तरी चालेल. नात जायला नको होती तिला, पण चित्र मात्र हवं होतं.

पोस्टर कलर, जलरंग, अ‍ॅक्रिलिक, मी सगळं सुचवून पाहिलं. जलरंगातलं चित्र त्या ओळीत उपरं दिसेल, म्हणाली. अ‍ॅक्रिलिकचा तर तिला रागच आहे. "केवढी घाई त्या रंगाला! चहा घेऊन यावं तर तो दगड होऊन बसलेला असतो."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढतो, आणि ती सगळी कॉम्प्युटरवर, मोठ्या पडद्यावर पेनाने. प्रकाशकांना चित्र झटपट हवं असतं आणि ते हाताने काढल्यासारखंही दिसायला हवं असतं. त्यामुळे जे नाही ते असल्याचं भासवणं हाच माझा धंदा झाला आहे. कधी खडूसारखं, कधी जलरंगासारखं. आईला या सगळ्याचं कौतुक बेताचंच. "तुझं ते काचेवरचं," एवढंच ती म्हणते, आणि ते शब्द मला बरोबर लागतात.

म्हणून त्या दिवशी मी जरा फुशारकीनेच म्हणालो, "आई, माझ्या काचेवर काढ. तैलरंग मी करून देतो."

तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं. "ओळीत लावल्यावर ओळखू येईल?"

"नाही येणार."

"आलं तर लावायचं नाही. पोरीचं चित्र नसलं तरी चालेल, खोटं नको." आणि उठून पोळ्या करायला गेली.

बोलून बसलो खरा, मग कामाला लागलो. ट्रंकेतला कोरा कॅनव्हास काढून खिडकीशी तिरक्या उजेडात धरला, त्याचे फोटो काढले आणि पडद्यावर त्याची वीण बसवली. मग आईचे ब्रश वर्तमानपत्रातून बाहेर आले. एकेक ब्रश काळ्या पोस्टर कलरमध्ये बुडवून तिला कागदावर फटकारे मारायला लावले. त्या ठशांवरून मी पडद्यावर चालणारे ब्रश तयार केले. तिचा एक ब्रश फार जुना, केस झडलेला. त्याला ती टकल्या म्हणते. गालाचा उजेड फक्त टकल्यानेच लागतो अशी तिची श्रद्धा आहे. तर तो टकल्याही मी कॉम्प्युटरात घातला, झडलेल्या केसांसकट.

पडदा तिच्या ईझलवर उभा केला, कारण बसून चित्र काढणं तिला ठाऊकच नाही. पेन आखूड पडायला लागलं. ब्रश ती अगदी शेपटीला धरते. मग एका मोडक्या ब्रशाचा दांडा दोऱ्याने पेनाला बांधला. हे ध्यान पाहून मुलगी म्हणाली, "आजी, तू झाडू मारणार आहेस की चित्र काढणार आहेस?"

"तू गप्प बस. आणि हलू नको."

पण खुर्चीवर गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नाही. "आजी, पाय सुन्न पडला यार. फोटो घेऊन काढ ना, आजकल सगळे तसंच करतात."

"फोटो बडोद्यालाही काढता येईल तुझा," आई म्हणाली. मुलीने सुन्न पाय परत जागेवर ठेवला आणि पाठ ताठ केली. मीही पडद्याच्या वायरीत उगाच काहीतरी नीट करत राहिलो.

आईची सवय अशी की चार फटकारे मारायचे, मागे मागे जायचं, डोळे बारीक करून बघायचं. दर वेळी ती वायरीत अडकायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा, आधी आईसाठी आणि लगेच पडद्यासाठी. रंग बदलताना ती पेन फडक्याला पुसायची. पुसायला काहीच नसताना.

"आई, तिथे रंग लागत नाही."

"मला माहीत आहे. हाताला माहीत नाही."

चुकलेला फटकारा एका बोटाने मागे घेता येतो, हे तिला मी मोठ्या हौसेने दाखवलं. तिने करून पाहिलं. फटकारा गेला, खाली मागमूस नाही. ती जरा दचकली. "म्हणजे मी चुकलेच नाही असं?"

"हो! हीच तर मजा आहे."

"नको बाबा," ती म्हणाली आणि चुकलं त्यावरच पुन्हा रंगवायला लागली. ते बटण तिने परत कधी वापरलं नाही.

चेहरा मात्र हुबेहूब आला. डावी भुवई जरा वर, ओठ आत्ता काहीतरी उलट बोलणार असे. ती ओळख आईच्या हातात आहे, मग काच असो की कापड. पण पडदा उचलून हॉलमध्ये ताईच्या आणि भावाच्या चित्रांशेजारी धरला, तेव्हा माझा चेहरा पडला. मुलगी नुकतीच फेशियल करून आल्यासारखी दिसत होती.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "आई, ही आता एखाद्या साबणाचं नाव घेईल असं वाटतं."

आई हसली, पण तिचं हसू फार टिकलं नाही. मी माझ्या पोतडीतलं होतं नव्हतं ते बाहेर काढलं. वीण ठळक केली. रंगाचा थर जाड दिसावा म्हणून प्रत्येक फटकाऱ्याला बारीक सावली दिली. वर व्हार्निशचा पिवळा हात फिरवला. शेवटी जुन्या चित्रांना पडतात तसे बारीक तडेसुद्धा घातले.

"पोरगी आत्ताशी बारावी झाली," आई म्हणाली, "आणि तू तिला तडे पाडून राहिला?"

तडे काढले. बाकी सगळं ठेवलं. चित्र तरी साबणाच्या जाहिरातीतलंच.

त्या आठवड्यात आमची चांगलीच जुंपली, आणि त्याचं कारण मी केलेली साफसफाई. पडद्याच्या एका बाजूला मी आईला पॅलेटसारखी मोकळी जागा करून दिली होती, रंग कालवायला. रोज काम संपलं की ती तिथले उरलेसुरले रंग फरफटत एका कोपऱ्यात आणायची आणि त्यांचा राखट, मळका गोळा करून ठेवायची. सवय असेल, मला वाटलं. एकदा फाइल नीटनेटकी करताना मी तो गोळा पुसून टाकला आणि फाइल साठवून टाकली.

सकाळी आई पडद्यापुढे उभी राहिली. "माझी खरवड कुठे आहे?"

"कसली खरवड?"

"इथे होती. कोपऱ्यात."

"ती घाण होती आई, पुसली मी. इथे रंग वाया जात नाही. हवा तेवढा ताजा घे ना!"

"घाण?" तिचा आवाज चढला आणि खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन होईपर्यंत ती माझ्याकडे रागाने बघत होती. मीही तापलो. एवढे दिवस मी तिच्यासाठी वायरी उचलत होतो, प्रकाशकांचे फोन टाळत होतो, आणि एका मळक्या गोळ्यासाठी मला शाळेतल्या पोरासारखं उभं केलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती खुर्चीवर टेकली. "लहानपणी वाटी बघितली नाही का माझी? पाण्याची?"

बघितली होती की. व्हरांड्यातल्या कट्ट्यावर पाणी भरलेली एक वाटी कायम असायची आणि तिच्या तळाशी करड्या रंगाचा एक गोळा. पॅलेट साफ करताना आई सुरीने सगळे उरलेले रंग खरवडायची, एकत्र मळायची आणि त्या पाण्यात सोडायची. पाण्यात तैलरंग वाळत नाही. दुधाच्या पातेल्याची खरवड असते तशी ही तिच्या रंगांची खरवड. आम्ही भावंडं तिला काटकसर समजायचो. आमच्या घरात काहीच टाकत नाहीत, त्यातलंच एक.

"काटकसर तर होतीच," आई म्हणाली. "ट्यूबा काय फुकट येत होत्या? पण सावलीत ट्यूबमधला कोरा रंग घातला की तो ओरडतो. खरवडीत सगळ्यांचं थोडं थोडं असतं, म्हणून ती गप्प बसते. तुझ्या काचेवर सगळेच रंग बोलून राहिले."

मी पडद्याकडे पाहिलं. मुलीच्या मानेखालची सावली खरोखरच बोलत होती, छान, स्वच्छ, जांभळट. इतकी वर्षं मी लोकांना हाताने काढल्यासारखी चित्रं करून देतोय, आणि चित्राला वापरल्याचा मळ लागतो एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला.

"म्हणजे ताईच्या चित्रातली खरवड काकांच्या चित्रात गेली?"

"एक चित्र संपलं की उरलेल्यातून पुढचं सुरू. काकांची पुढे धाकट्याच्यात."

"आणि त्याच्या नंतरची?"

"वाटीतलं पाणी केव्हा आटलं ते कळलंच नाही," ती म्हणाली. "दगड झाला तिचा."

मग मला जे सुचलं त्याचा मला आजही आनंद होतो. तिन्ही चित्रं भिंतीवरून उतरवून व्हरांड्यात आणली. उजेड बेताचा होता तेव्हा त्यांचे जवळून फोटो काढले. आई बाजूला उभी राहून बोटाने दाखवत होती. "इथून घे, हिच्या हनुवटीखालून. काकांच्या कानामागून घे, तिथे चांगली मुरली आहे. धाकट्याची कॉलरखालची." ते सगळे राखट रंग मी पडद्यावर आणले. एकजीव न करता, धागे दिसतील असे अर्धवट मळले. आईने पेनाचा दांडा धरला, थोडंसं उचललं, मुलीच्या मानेवर ठेवलं.

"हं," म्हणाली. थोड्या वेळाने, "अजून जरा मळव."

पुढचे काही दिवस आई ती खरवड चित्रात जागोजागी लावत गेली. मुलगीही कुरकुर विसरली, कारण तिला पडद्यावर स्वतःमध्ये काहीतरी होताना दिसत होतं. आत्याच्या हनुवटीखालची सावली तिच्या गळ्यापाशी बसली. काकांच्या कानामागचा काळोख तिच्या केसांत गेला. बायको पुन्हा येऊन बघून गेली आणि या वेळी साबणाचं नाव काढलं नाही. म्हणाली, "आता ही आपल्या घरातली दिसते."

छापायला गोविंदपुऱ्यात गेलो. तिथे एका शेडमध्ये दुकानांचे बोर्ड छापतात आणि मागितलं तर कॅनव्हासवरही छापून देतात. मशीनवरच्या माणसाने चित्र उघडलं, मान वाकडी करून पाहिलं आणि आपुलकीने म्हणाला, "सर, फेस थोड़ा साफ़ कर दूँ? मैला-मैला आ रहा है. बिटिया अच्छी लगेगी."

"हाथ मत लगाना!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या मशीनवरच्यांनी वळून पाहिलं. "मैला ही चाहिए." त्याने खांदे उडवले. त्या मळासाठी आमच्या घरी केवढी भांडणं झाली होती हे त्याला काय सांगणार!

छापील कॅनव्हास घरी आणून आईपुढे धरला. तिने त्यावरून तळहात फिरवला. "सपाट आहे."

तेही खरंच होतं. पडद्यावर जाड दिसणारा रंग कापडावर नुसता छापलेला होता. खिडकीचा उजेड त्याला कुठेच अडत नव्हता. यावर उपाय मला माहीत होता, पण धीर होत नव्हता. पाण्यात मिसळणारी, दह्यासारखी घट्ट जेल मिळते. ओली असताना पांढरी, वाळली की पारदर्शक. ती ब्रशाने लावली की ब्रशाचे माग तसेच उभे राहतात. बाटली आणली, आधी मी हुंगली, मग बायकोने हुंगली, डॉक्टरांना फोन करून विचारलं, तेव्हा कुठे ती आईच्या हातात दिली. खिडक्या सताड उघड्या, आईच्या तोंडाला मास्क. हातात खराखुरा टकल्या.

तिने पहिला फटकारा गालावर मारला आणि थांबली. मला वाटलं काही चुकलं. "अरे," ती म्हणाली, "हाताला लागतंय काहीतरी." मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. फार सुख झालं मला तेव्हा. तिने सगळं चित्र, एकेका फटकाऱ्याच्या मागावरून, नव्याने काढल्यासारखं भरून काढलं. वाळल्यावर सकाळचं ऊन मुलीच्या कपाळावर अडलं आणि तिथून खाली उतरलं.

चित्र ओळीत लागलं त्याच दुपारी ताई नागपुराहून भाचीला निरोप द्यायला आली. आम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं. पिशव्या हातातच होत्या, तिची नजर भिंतीवर गेली, आणि ती माझ्यावर फिरली.

"तुला काही अक्कल आहे का? आईला पुन्हा ऑइलमध्ये काढू दिलंस? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं असताना? सगळे मेले होते का घरात?"

इतक्या शिव्या मी इतक्या आनंदाने कधी खाल्ल्या नव्हत्या. ती बोलत होती आणि मी नुसता दात काढत होतो, त्यामुळे ती आणखी भडकत होती. शेवटी आईलाच हसू आवरेना. ताई चित्रापाशी गेली, नाक लावून हुंगलं, पुन्हा हुंगलं. वास नव्हता. मग आईने सगळं सांगितलं आणि खरवड कुठून कुठून घेतली तेही दाखवलं. ताईने स्वतःच्या चित्राच्या हनुवटीला बोट लावलं, मग भाचीच्या गळ्याला लावलं, आणि तिथेच उभी राहून रडली.

मुलगी गेली. घर ओकंबोकं झालं. बायको एका माणसाच्या पोळ्या जास्त करत राहिली आणि मी त्या खात राहिलो. थांबलेली कामं पुढ्यात होती, म्हणून एका सकाळी पडदा परत माझ्या टेबलावर न्यायला व्हरांड्यात गेलो. पाहतो तर खुर्ची मांडलेली, ईझल उभं, पडद्यावर कोरा कॅनव्हास, आणि आई रंगाच्या डागांची जुनी साडी नेसून तयार.

"बस," ती म्हणाली.

"मी?" मला हसू आलं. "मी कुठे चाललोय?"

त्या भिंतीवर माझं चित्र नाही. ते असायचं कारणच नव्हतं. याच घरात मी वाढलो, इथेच लग्न केलं, इथेच केस पिकवले.

"तू कुठे चालला?" आई म्हणाली. तिने पेनाचा दांडा हातात घेतला. "या वेळी जाणारी मी आहे. मग तुझं कोण काढणार?"

भाजी आणायला चालले, इतक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली. मला पहिल्यांदा राग आला. मला काहीही झालं तरी आधी रागच येतो. "आई, भलतंसलतं बोलू नको," असं काहीतरी ओरडलो. डॉक्टर काय म्हणाले, खोकला किती कमी आहे, हे सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं बोलून? मग बस. उजेड जाईल."

मी बसलो.

"जबडा आवळू नको, चित्रात येतो. हनुवटी वर."

हनुवटी वर केली. समोर आई होती आणि मला ती नीट दिसेना. डोळे पुसायला हात उचलला.

"राहू दे," ती म्हणाली. "तेही काढते."